बाबांच्या रिपोर्टात ‘इंटेस्टायनल मेटाप्लेसिया’ : जठरात आतडं कसं उगवलं?

लोकमान्यनगरची | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलं म्हणून लिहितेय.

बाबा ६७ वर्षांचे, इंदूरचेच, बँकेतून निवृत्त. पोटात जळजळ हा त्यांचा जुना सोबती. खिशात रुमाल तशी ॲसिडिटीची गोळी. दिवाळीनंतर भूक मंदावली, हिमोग्लोबिन १०.४ निघालं, तेव्हा हट्टाने एंडोस्कोपी करवून घेतली. डॉक्टर म्हणाले, "सूज आहे, तुकडे तपासायला पाठवलेत, बघू." आज संध्याकाळी बायॉप्सीचा रिपोर्ट फोनवर आला, आणि डॉक्टर गुरुवारपर्यंत बाहेरगावी.

रिपोर्टात शेवटी ‘इंटेस्टायनल मेटाप्लेसिया’ असं लिहिलंय. म्हणजे आतड्याच्या पेशी ना? पण दुर्बीण तर वरून घातली होती! भावाने बंगळुरूहून नेटवर शोधून ‘कॅन्सरपूर्व अवस्था’ एवढे दोनच शब्द घरच्या ग्रुपवर टाकले आणि झोपून गेला. आईने तासाभरात शेव, लोणचं, जिरावण मसाला सगळं माळ्यावर चढवलं. बाबा तेवढे शांत. म्हणाले, "शेव नाही तर पोहे तरी कशाला, पेज द्या आणि मोकळ्या व्हा."

हे नक्की काय असतं? कॅन्सर आहे की नाही? मागे फिरतं का? जाणकारांनी प्लीज सांगा. गुरुवार फार लांब आहे.

गराडूप्रेमी | शनिवार, रात्री ९:५२

काकांशी तत्त्वतः सहमत. बाकी जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

साडूचा_साडू | शनिवार, रात्री १०:१५

ताई, घाबरवायचं नाही, पण माझ्या साडूला हेच निघालं होतं. याला बॅरेट म्हणतात. पोटातलं ॲसिड वर येऊन येऊन अन्ननलिकेचं अस्तर बदलतं आणि मग तिथे कॅन्सर होतो. त्याला ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा दुर्बीण घालायला लावतात. उशी उंच करा, रात्री उशिराचं जेवण बंद, आणि गुरुवारची वाट बघू नका, दुसरा डॉक्टर गाठा.

आत्याबाई | शनिवार, रात्री १०:३१

जेष्ठमधाची पूड आणि थंड दूध. आमच्या घरी चार पिढ्या पित्त याच्यावरच शमलं. रिपोर्टांचं काय, आजकाल पोळीचा तुकडा पाठवला तरी काहीतरी लिहून देतील.

गराडूप्रेमी | शनिवार, रात्री १०:३३

आत्याबाई, पोळीच्या रिपोर्टात ‘ग्लूटेन आढळले’ एवढं नक्की येईल.

मायक्रोटोम | शनिवार, रात्री ११:२०

मी इंदूरच्याच एका लॅबमध्ये बावीस वर्षं हे तुकडे कापतोय. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, तेव्हा निदान-उपचाराचं मी बोलणार नाही. पण आत्याबाईंचं शेवटचं वाक्य मनाला लागलं, म्हणून आधी त्या तुकड्याचं काय होतं ते सांगतो.

दुर्बिणीच्या चिमट्याने काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा असतो. तो १० टक्के फॉर्मॅलीनच्या बाटलीत आमच्याकडे येतो. रात्रभर अल्कोहोल, मग झायलीन, मग वितळलेलं मेण असा प्रवास करून त्याची मेणाची वडी होते. वडी मायक्रोटोमवर चढवून ३-४ मायक्रॉनचे काप काढायचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. काप एकामागोमाग एक रिबिनीसारखे निघतात, ते कोमट पाण्यावर सोडायचे. सुरकुती आपोआप उलगडते, मग खालून काच घालून अलगद उचलायचा. इथे शिंक आली तर पेशंटचा नमुना हवेत! त्यानंतर जांभळा-गुलाबी रंग देऊन स्लाइड पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर. त्या एकेका पेशीकडे बघतात. कोणी काहीतरी लिहून देत नाही.

आता शब्दाकडे. अन्ननलिकेच्या आतलं अस्तर म्हणजे चपट्या पेशींचे थरावर थर, पापडांची चवड जणू. गरम घास, टोकदार चिवडा, सगळं घासून जायला सोयीचं. जठरात एकच रांग, उंच पेशींची, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखी. आतड्यात पुन्हा वेगळं: तिथे मधून मधून पेल्याच्या आकाराच्या, चिकट स्रावाने फुगलेल्या पेशी. त्यांना गॉब्लेट सेल म्हणतात. या पेलेवाल्या पेशी अन्ननलिकेत किंवा जठरात नसायला हव्यात. तिथे दिसल्या की रिपोर्टात इंटेस्टायनल मेटाप्लेसिया हे शब्द येतात.

आता ताई, एक प्रश्न. नमुना कुठून घेतला असं लिहिलंय? रिपोर्टाचं पहिलं पान बघा. शेवटची ओळ सगळे वाचतात, पहिलं पान कोणी वाचत नाही.

प्रश्नचिन्ह | शनिवार, रात्री ११:३४

पण जठराची पेशी उठून आतड्याची कशी होते? म्हणजे रात्रीतून वेष बदलते?

निवृत्त_मास्तर_ग्वाल्हेर | रविवार, सकाळी ६:०५

मायक्रोटोमने पाया चांगला घातला आहे. मी ग्वाल्हेरला बरीच वर्षं पॅथॉलॉजी शिकवली, आता नातवंडं आणि बागकाम. प्रश्नचिन्ह यांचा प्रश्न विद्यार्थी दर वर्षी विचारायचे, म्हणून उत्तर तोंडपाठ आहे.

पेशी वेष बदलत नाही. तुमच्या माळव्यातच बघा. आजोबांच्या वावरात ज्वारी-कापूस होता, आज सोयाबीन आहे. म्हणून ज्वारीच्या ताटाला सोयाबीनची शेंग लागली का? नाही. उभं पीक निघून गेलं, पुढची पेरणी वेगळी झाली. जमीन तीच. जठराच्या पृष्ठभागावरच्या पेशी तशाही चार-पाच दिवसांत झडून नव्या येतात. खाली बसलेल्या मूळ पेशी ही पेरणी करत असतात. वर्षानुवर्षं सूज राहिली की मूळ पेशी दुसरंच बियाणं काढतात, जे त्या छळात तग धरेल. हा मेटाप्लेसिया. विडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत हेच उलट दिशेने होतं, तिथे उंच पेशींच्या जागी चपट्या येतात.

कॅन्सर ही वेगळी गोष्ट. मेटाप्लेसियात पीक बदललं तरी रांगा शिस्तीत असतात. रांगा मोडल्या, पेशींची केंद्रकं मोठी, काळपट, वेडीवाकडी झाली की त्याला डिसप्लेसिया म्हणायचं, म्हणजे वावरात तण. रिपोर्टात हा शब्द शोधा. त्याच्या आधी ‘नो’ आहे की ‘लो ग्रेड’, की ‘हाय ग्रेड’, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

साडूचा_साडू यांनी सांगितलेलं खोटं नाही, पण ती गोष्ट दुसऱ्या गावची असू शकेल.

साडूचा_साडू | रविवार, सकाळी ८:१०

दुसऱ्या गावची कशी? शब्द तोच आहे की. साडूच्या रिपोर्टात ‘इंटेस्टायनल मेटाप्लेसिया’ असंच होतं, माझ्याकडे फोटो आहे.

लोकमान्यनगरची | रविवार, सकाळी ९:०२

मायक्रोटोमदादा, तुमच्या पाया पडते. फोनवर मी फक्त दुसरं पान उघडलं होतं. पहिल्या पानावर दोन बाटल्या आहेत.

बाटली ए : अँट्रम. इथे क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, एच. पायलोरी दिसले, फोकल इंटेस्टायनल मेटाप्लेसिया, नो डिसप्लेसिया.
बाटली बी : जी.ई. जंक्शन. इथे रिफ्लक्सचे बदल, गॉब्लेट सेल नाहीत.

‘नो’ आहे! हे वाचून आई देवघरात गेली आणि बाबा माळ्याखाली स्टूल लावायला.

गराडूप्रेमी | रविवार, सकाळी ९:०४

काका रॉक्स.

निवृत्त_मास्तर_ग्वाल्हेर | रविवार, सकाळी ९:४०

झालं तर. क्रॉनिक गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराची जुनी सूज, एच. पायलोरी हा जठरात राहणारा जंतू, फोकल म्हणजे थोड्याच जागी, रिफ्लक्स म्हणजे ॲसिड वर येणं. अँट्रम म्हणजे जठराचा खालचा भाग, आतड्याकडे उघडणारा. जी.ई. जंक्शन म्हणजे अन्ननलिका जठराला मिळते ती जागा. बॅरेट तिथून वर, अन्ननलिकेत असतो, आणि तुमच्या बाबांच्या तिथल्या तुकड्यात तो सापडलेला नाही. शब्द एक, गावं दोन, कारणंही दोन. वर ॲसिडचा मारा, खाली बहुतेक वेळा जंतू.

साडूंसाठी: नॉर्मन बॅरेट हे लंडनचे सर्जन. १९५० साली त्यांनी या अवस्थेवर लिहिलं, आणि गंमत म्हणजे चुकीचं लिहिलं! त्यांना वाटलं की ही अन्ननलिका जन्मतःच आखूड आहे आणि जठरच छातीत वर ओढलं गेलंय. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टन यांनी दाखवलं की ही अन्ननलिकाच आहे, फक्त अस्तर बदललंय. बॅरेट यांनी पुढे ते मान्य केलं. नाव मात्र त्यांचंच चिकटलं.

आणि भीतीचा हिशेब. बॅरेटमध्ये डिसप्लेसिया नसेल तर वर्षाला हजारात एक ते तीन जणांना कॅन्सर होतो. जठरातल्या मेटाप्लेसियाची नेदरलँड्समधली मोठी पाहणी आहे, तिथेही आकडा हजारात दोन-तीनच्या आसपास. शून्य नाही, म्हणून दुर्लक्ष नको. पण ग्रुपवर दोन शब्द टाकून झोपण्याइतका मोठाही नाही.

साडूचा_साडू | रविवार, सकाळी १०:२०

बरं, मान्य. पण मग साडूला दर ३ वर्षांनी का बोलावतात?

मायक्रोटोम | रविवार, सकाळी ११:१५

त्याचा बॅरेट लांब असणार. बदललेला पट्टा ३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर हल्ली ५ वर्षांनी बोलावतात, ३ किंवा जास्त असेल तर ३ वर्षांनी. आमच्याकडे असे पेशंट आले की एका माणसाच्या सात-आठ बाटल्या येतात: दर २ सेंटिमीटरवर चारही बाजूंनी तुकडा घ्यायचा असा नियम आहे. त्या दिवशी आमचं जेवण चार वाजता.

कढत_चहा | रविवार, दुपारी १२:०५

अवांतर: चहाने पण होतं म्हणे? मी कपातून वाफ निघत असतानाच संपवतो.

निवृत्त_मास्तर_ग्वाल्हेर | रविवार, दुपारी १२:३०

आयडी बदला. गंभीरपणे सांगतो: ६५ अंशांवरची अतिगरम पेयं २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्ककारक’ गटात टाकली. बोट चहाचं नाही, तापमानाकडे आहे. आणि तो वेगळा कॅन्सर, अन्ननलिकेच्या चपट्या पेशींचा. आपल्या देशात अन्ननलिकेचा जास्त आढळतो तो हाच. तंबाखू, गुटखा, दारू हे त्याचे मोठे यार. चहा बशीत ओतून पिणारी आपली आजी शास्त्राच्या पुढे होती.

आत्याबाई | रविवार, दुपारी १२:४१

बघा! बशीचं मी कधीची सांगतेय.

गराडूप्रेमी | रविवार, दुपारी १:१०

मग थंडीत सराफ्यात तेलातून काढलेला गराडू, वरून जिरावण आणि लिंबू, हे कुठल्या गटात येतं? निम्मं इंदूर श्वास रोखून उत्तराची वाट बघतंय. रात्री सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की आम्ही रांगेत असतो.

बडोद्याची_सून | रविवार, दुपारी १:२६

गराडू म्हणजे रताळं का?

गराडूप्रेमी | रविवार, दुपारी १:२७

रताळं?? ताई, माहेर कुठलंही असो, या शब्दासाठी धागा उडू शकतो. कोनफळाच्या जातीचा कंद आहे तो. आधी उकडायचा, मग तळायचा.

प्रश्नचिन्ह | रविवार, दुपारी २:००

धागा तळणीत गेलाय, वर काढतो. हा एच. पायलोरी जंतू जठरातल्या ॲसिडमध्ये मरत कसा नाही?

निवृत्त_मास्तर_ग्वाल्हेर | रविवार, सायंकाळी ५:१५

हाच प्रश्न जगाने कित्येक वर्षं विचारला आणि उत्तर गृहीत धरलं: तिथे काही जगूच शकत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर वळणदार जंतू बघत होते, बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर ते बशीत वाढवायच्या खटपटीत. दोन दिवसांत काही उगवलं नाही की लॅब बशी फेकायची. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत बशा तशाच राहिल्या आणि जंतू उगवले. सुटीचे उपकार! तरी कोणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलनी तो जंतू प्यायला. आठवड्याभरात मळमळ, उलट्या, आणि बायॉप्सीत जठराची सूज. २००५ मध्ये दोघांना नोबेल.

जंतूची युक्ती अशी की तो युरियेज नावाचं विकर सोडतो, युरियातून अमोनिया करतो आणि स्वतःभोवती ॲसिड मारतो. त्यातूनच परीक्षाही निघाली: तुकडा युरियाच्या पिवळ्या जेलीत टाकायचा, गुलाबी झाला की जंतू आहे.

हा जंतू बहुतेकांना लहानपणीच घरातून लागतो आणि तिखट न खाणाऱ्यालाही लागतो. वर्षानुवर्षांची सूज, मग अस्तर विरळ, मग मेटाप्लेसिया, मग क्वचित डिसप्लेसिया, अशी ही उतरंड कोरेया नावाच्या पॅथॉलॉजिस्टने मांडली. बहुतेक माणसं मधल्या पायरीवरच आयुष्य काढतात. शेव-जिरावणाने जळजळ वाढेल, पण हे बियाणं शेवेने पेरलेलं नाही. खारवलेलं, धुरावलेलं सतत खाणं आणि तंबाखू यांचा दोष मात्र आहे.

निमूट | रविवार, रात्री ८:४५

फारसं लिहीत नाही, पण हे सांगायलाच हवं. जंतूच्या औषधांचा १४ दिवसांचा कोर्स मी केला. तोंडाला लोखंडाची चव, पोटात ढवळणं, सगळं सोसलं. नंतर एका ठिकाणी श्वासाची तपासणी केली, ‘निगेटिव्ह’ आली, पेढे वाटले. आठ महिन्यांनी पुन्हा तेच दुखणं आणि जंतू जागेवर. मी ॲसिडिटीची गोळी तपासणीच्या दिवशी सकाळीसुद्धा घेतली होती आणि मला कोणी विचारलंच नव्हतं. ती गोळी चालू असली की जंतू दबून बसतो, तपासणीत सापडत नाही. तपासणीआधी दोन आठवडे ती बंद हवी आणि अँटिबायोटिक संपून किमान चार आठवडे व्हायला हवेत. अर्थात डॉक्टरांना विचारून. पेढ्यांचे पैसे गेले ते गेलेच.

लोकमान्यनगरची | रविवार, रात्री ९:१०

निमूटदादा, हे लिहून घेतलं. बाबांच्या खिशातली गोळी आठवली. मास्तर, कोर्स केल्यावर पीक परत बदलतं का? पुन्हा ज्वारी?

निवृत्त_मास्तर_ग्वाल्हेर | रविवार, रात्री ९:५५

सूज जाते. विरळ झालेलं अस्तर बऱ्याच जणांत सुधारतं. मेटाप्लेसिया सहसा तसाच राहतो, एखाद्यात कमी होतो. पण जंतू गेला की उतरंडीवरून पुढे घसरण्याचा धोका घटतो, म्हणून कोर्स पूर्ण करायचा. दुर्बीण पुन्हा कधी, हे मेटाप्लेसिया एका जागी आहे की पसरलेला, घरात कोणाला जठराचा कॅन्सर होता का, यावर डॉक्टर ठरवतील. अमेरिकेत सरसकट सगळ्यांना बोलवत नाहीत, युरोपात पसरलेला असेल तर ३ वर्षांनी बोलावतात. दोघं शहाणे आहेत, तरी मतं वेगळी.

एक गोष्ट मात्र नक्की विचारा: हिमोग्लोबिन. जठराच्या जुन्या सुजेत लोह आणि बी-१२ दोन्ही नीट शोषले जात नाहीत, तेव्हा कारण हेच असू शकेल. पण ६७ वर्षांच्या माणसाचं रक्त कमी असेल तर फक्त वरून बघून थांबत नाहीत, खालूनही बघतात. काळी डांबरासारखी शौच, घास अडकणं, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर गुरुवारची वाट बघू नका. तेवढ्यापुरतं साडूंचं बरोबर.

साडूचा_साडू | रविवार, रात्री १०:०२

धन्यवाद मास्तर. स्क्रीनशॉट साडूला पाठवला.

लोकमान्यनगरची | शुक्रवार, रात्री १०:३०

उशिरा येतेय, सॉरी. काल डॉक्टर भेटले. १४ दिवसांचा कोर्स सुरू, लोह आणि बी-१२ तपासायला दिलंय, कोलोनोस्कोपीची, म्हणजे खालून दुर्बिणीची, तारीख पुढच्या महिन्यात. तपासणीआधी गोळी बंद करायचं मीच विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "कुठे वाचलंत?" मी म्हटलं, एकांचे पेढे वाया गेले होते. मला आणि भावालाही जंतूची तपासणी करून घ्यायला सांगितलंय. भाऊ आता शांत आहे, एकदम शांत.

दुसरं म्हणजे बाबा हटून बसले की मला तो तुकडा बघायचाच. मायक्रोटोमदादांना मेसेज केला, तर रिपोर्ट त्यांच्याच लॅबचा निघाला! आज दुपारी मॅडमची परवानगी काढून त्यांनी बाबांना दुहेरी मायक्रोस्कोपवर बसवलं. गॉब्लेट पेशींसाठी मुद्दाम निळा रंग दिलेली स्लाइड होती. मॅडम बाण सरकवत दाखवत होत्या: ही तुमची रांग, आणि हे निळे ठिपके. बाबा डोळा लावून पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही तर बुंदी पडलीय."

मायक्रोटोम | शुक्रवार, रात्री १०:४७

तेव्हापासून मॅडमही बुंदीच म्हणतायत. जाताना काकांनी विचारलं, वडीचं उरलेलं मेण काय करता? म्हटलं, जपून ठेवतो, पुन्हा लागलं तर कापायला. म्हणाले, "नीट ठेवा, एवढं महागडं पोट आहे."

आत्याबाई | शुक्रवार, रात्री ११:००

कोर्स झाल्यावर जेष्ठमध चालेल ना?

निवृत्त_मास्तर_ग्वाल्हेर | शनिवार, सकाळी ६:१०

रक्तदाब असेल तर जेष्ठमध फार नको, वाढवतो तो. नसेल तर डॉक्टरांना सांगून थोडा.

गराडूप्रेमी | शनिवार, सकाळी ९:१५

आणि शेव?

लोकमान्यनगरची | शनिवार, सकाळी ९:३०

अर्धी मूठ. डब्याची चावी आईकडे.